पडलेल्या क्षेपणास्त्रातलं सर्किट आपोआप जळून का जात नाही?

उलटा_डायोड

मे २०२५ मध्ये पंजाबात होशियारपूरच्या बाजूला चिनी बनावटीच्या पीएल-१५ क्षेपणास्त्राचे चांगले मोठे तुकडे सापडले. १२ मेच्या पत्रकार परिषदेत हवाई दलाने ते दाखवलेही. त्याच्या उलट प्रकार ९ मार्च २०२२ चा. आपलं ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ जाऊन पडलं. नशीब, त्यात स्फोटकं नव्हती.

दोन्ही वेळी मला पडलेला प्रश्न एकच. एवढं गुपित यंत्र, तर आतली सर्किटं आपोआप जळून राख व्हायची सोय का नसते? एक टायमर, चिमूटभर थर्माइट (प्रचंड उष्णतेने जळणारी भुकटी), विषय संपला. माझं मत असं की हे अवघड नाही, बनवणारे आळशी आहेत. खोडून काढा.

काडेपेटी

शेंगदाणे घेऊन बसलोय. चालू द्या.

खडकी_बाजार

डायोडराव, सोय असतेच. बहुतेक हवाई क्षेपणास्त्रांत ठराविक वेळ संपली किंवा लक्ष्य हरवलं की मुख्य स्फोटकच उडवायची व्यवस्था असते. तरी तुकडे सापडतात, त्याची दोन कारणं सांगतो.

एक, स्फोट बाजूला जातो. विमानविरोधी क्षेपणास्त्राचं स्फोटक मधल्या भागात असतं आणि छर्रे चहूबाजूंनी आडवे उडावेत अशीच त्याची रचना असते. म्हणजे मधला भाग फाटतो, पण पुढचं नाक आणि मागचा मोटरचा भाग बऱ्याचदा ओळखू येईल असा खाली येतो. आणि गुपित नेमकं नाकात.

दुसरं म्हणजे बॅटरी. क्षेपणास्त्रात मोबाइलसारखी बॅटरी नसते, थर्मल बॅटरी असते. आतलं इलेक्ट्रोलाइट म्हणजे घट्ट मीठ, लिथियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड यांचं मिश्रण. ते वितळतं ३५० अंशांच्या थोडं वर. तोवर बॅटरी मेलेली, म्हणून वीस वर्षं गोदामात ठेवली तरी बिघडत नाही. डागताना आतल्या लोहभुकटी आणि पोटॅशियम परक्लोरेटच्या टिकल्या पेटतात, मीठ वितळतं, वीज सुरू. पुढे काही सेकंद ते काही मिनिटं, की गार होऊन पुन्हा घट्ट. नेम चुकून क्षेपणास्त्र शेतात पडतं तोवर आत वीजच उरलेली नसते. तुमचा टायमर चालणार कशावर?

उलटा_डायोड

बॅटरीचा मुद्दा मान्य. पण मग वीज असतानाच निर्णय घ्या की. नाकातल्या बोर्डावर वेगळी छोटी टिकली ठेवायची, लक्ष्य चुकल्याचं कळलं की पेटवायची.

गंजका_बोल्ट

टिकली ठेवायला कोणाची ना नाही. प्रश्न आहे तो उरलेल्या पंधरा-वीस वर्षांचा. क्षेपणास्त्र उडतं एकदाच, तेही उडालं तर. बाकी सगळं आयुष्य गोदामात, ट्रकमध्ये, विमानाच्या पंखाखाली आणि तपासणीच्या टेबलावर जातं. पेट घेणारी प्रत्येक वस्तू वाढवली की तिला स्वतःची सेफ-आर्म यंत्रणा (वेळ येईपर्यंत पेटू न देणारं कुलूप) लागते, स्वतःची तपासणी, स्वतःची मुदत. रडारच्या झोतात, विजेच्या कडकडाटात, कनेक्टर लावताना उडालेल्या ठिणगीने ती पेटता कामा नये.

२९ जुलै १९६७ ला अमेरिकेच्या फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर काय झालं ते आठवा. विमानाचा वीजपुरवठा बदलताना झटका बसला आणि पंखाखालचं झुनी रॉकेट आपोआप सुटलं. पुढच्या आगीत आणि स्फोटांत १३४ माणसं गेली. त्यानंतर कुठल्याही नौदलाला 'अजून एक पेटणारी वस्तू घ्या' म्हणून पटवून दाखवा.

आणि सराव? सरावाची क्षेपणास्त्रं पंखाखाली घेऊन विमानं रोज उडतात. त्यात टिकली ठेवणार का? नाही ठेवली तर तेच नाक टिकलीविना हिंडतंय. आळस वगैरे काही नाही, हा सरळ हिशोब आहे.

रडारराव

इथे १९४२ चं उदाहरण द्यायला हवं, कारण हाच प्रश्न तेव्हाही होता आणि अमेरिकेने काढलेला तोडगा मजेदार होता.

प्रॉक्सिमिटी फ्यूज. (घरातला फ्यूज नव्हे, तोफगोळ्याच्या नाकावर बसवतात तो.) तोफगोळ्याच्या टोकात अख्खा छोटा रेडिओ बसवायचा. ऑसिलेटर (लाट तयार करणारं सर्किट) साधारण २०० मेगाहर्ट्झला चालतो, गोळ्याचं धातूचं अंगच अँटेना. समोरच्या विमानावरून लाट परत येते, गोळा जवळ जात असल्याने तिची फ्रिक्वेन्सी जराशी सरकलेली असते (डॉप्लर परिणाम). दोन्हींच्या फरकाचा सूर अ‍ॅम्प्लिफायरमधून मोठा करायचा, पुरेसा मोठा झाला की थायरट्रॉन नावाची नळी चालू होते आणि गोळा फुटतो. हिशोब करून बघा: २०० मेगाहर्ट्झला तरंगलांबी दीड मीटर, जवळ येण्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरला तर सूर येतो ४०० हर्ट्झचा. आपल्या कानाला ऐकू येईल असा.

सर्किट इतकं साधं. मग अवघड काय? तर त्या काळी ट्रान्झिस्टर नव्हते. काचेच्या नळ्या, कानयंत्रात वापरतात त्या जातीच्या, तोफेतून उडवायच्या. तोफेतून सुटताना झटका गुरुत्वाकर्षणाच्या २०,००० पट. शिवाय गोळा स्वतःभोवती फिरतो. (आजच्या १५५ मिमी तोफेचं गणित करा. वेग ८०० मीटरच्या वर, आणि आटे वीस कॅलिबरला, म्हणजे नळीच्या व्यासाच्या वीसपट लांबीत, एक फेरा देणारे. सेकंदाला अडीचशेच्या वर फेरे होतात.) बॅटरीचा तोडगाही झकास. इलेक्ट्रोलाइट काचेच्या कुपीत. डागताना झटक्याने कुपी फुटते आणि फिरण्याच्या जोराने द्रव बाहेर फेकला जाऊन पत्र्यांमध्ये पसरतो. तोवर बॅटरी कोरडी, त्यामुळे चुकून फुटायची भीतीही कमी.

आता गुपिताचं. एक न फुटलेला गोळा शत्रूला मिळाला तर संपलं. म्हणून जवळजवळ दोन वर्षं हा फ्यूज फक्त समुद्रावर वापरायची परवानगी होती. न फुटलेला गोळा बुडून तळाशी जातो, कुणाच्या हाती लागत नाही. ५ जानेवारी १९४३ ला हेलेना या क्रूझरने याने पहिलं जपानी विमान पाडलं. १९४४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडवर येणाऱ्या व्ही-१ बाँबवर वापरायला हरकत नव्हती, गोळा पडला तरी आपल्याच हद्दीत किंवा समुद्रात. जर्मनांसमोर जमिनीवर वापरायची मुभा मिळाली डिसेंबर १९४४ ला, आर्देनच्या लढाईत. तोवर युद्ध संपत आलेलं, शत्रूला नक्कल करून कारखाना उभारायला वेळच नव्हता. एकूण सव्वादोन कोटींच्या आसपास फ्यूज बनले.

म्हणजे त्यांनी गुपित राखलं ते सर्किट जाळून नाही. कुठे आणि कधी वापरायचं, ते ठरवून.

साबुदाणा_वडा

दंडवत रडारराव. वाचनखूण साठवली.

रच्याकने, ४०० हर्ट्झ म्हणजे साधारण मधल्या सप्तकातला सूर. गोळा गात गात येतो म्हणायचं.

अनघा_मापुस्कर

रडाररावांच्या उदाहरणाला जोड म्हणून त्याच युद्धातलं उलटं उदाहरण देते. कॅव्हिटी मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी तयार करणारा भाग.

१९४० मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी तो बनवला. दहा सेंटिमीटरच्या लहरी, दणकट शक्ती, विमानात मावेल एवढा. बाँबफेकी विमानात बसवला की रात्री ढगांतूनही खालचं शहर पडद्यावर दिसतं, त्या यंत्राचं नाव एचटूएस. वाद असा झाला की हे शत्रूच्या हद्दीवर न्यायचं का? कारण मॅग्नेट्रॉन म्हणजे पोकळ्या कोरलेला भरीव तांब्याचा ठोकळा. काचेची नळी असती तर हातोडीने चुरा झाला असता. यात स्फोटकं लावून चाचण्या केल्या, तर विमानाला भलं मोठं भोक पडलं पण तांब्याचे तुकडे ओळखू येतील असेच उरले. त्याऐवजी क्लिस्ट्रॉन ही दुसऱ्या जातीची नळी वापरा, ती सहज नष्ट होते, असं म्हणणाराही एक गट होता. पण त्यात शक्ती नव्हती.

शेवटी वापरायचं ठरलं. ३० जानेवारी १९४३ च्या रात्री पहिली मोहीम आणि २ फेब्रुवारीच्या रात्री, म्हणजे अगदी दुसऱ्याच खेपेला, एक स्टर्लिंग विमान रॉटरडॅमजवळ पडलं. जर्मनांनी त्या यंत्राचं नावच ठेवलं 'रॉटरडॅम यंत्र'. पुढे त्यांनी एचटूएसच्या लहरी ऐकणारे रिसीव्हर बनवले आणि लढाऊ विमानं त्या लहरींचा माग काढत बाँबफेकींपर्यंत पोचू लागली.

यात मला महत्त्वाचं वाटतं ते शेवटचं वाक्य. नक्कल झाल्याने नुकसान थोडंच झालं. यंत्र बोलतं हे कळल्याने जास्त झालं.

काडेपेटी

थोडक्यात, गुपित ठेवायचं असेल तर तांब्याचं करू नका. आपल्याकडे तर भंगारवाला आधी पोचेल.

खडकी_बाजार

काडेपेटी, हसू नका. तोफांच्या सराव-क्षेत्राभोवती हा गंभीर विषय आहे. गोळ्याच्या कमरेला तांब्याचा पट्टा असतो, त्यासाठी लोक न फुटलेले गोळे उचलून फोडतात आणि जिवाला मुकतात. असा गोळा दिसला तर हात न लावता, खूण करून, पोलिसांना कळवायचं. फ्यूजमधली बॅटरी मेलेली आहे म्हणून गोळा निरुपद्रवी, असं अजिबात समजू नका.

तिरपा_टेबल

इथे सगळे गृहीत धरून चाललेत की हातात आलं म्हणजे नक्कल झाली. असं असतं तर जगात एकच क्षेपणास्त्र उरलं असतं.

नक्कल जमली ती साइडवाइंडरची. सप्टेंबर १९५८ मध्ये तैवानच्या सामुद्रधुनीवर एक साइडवाइंडर चिनी मिग-१७ मध्ये न फुटता अडकलं आणि विमान ते तसंच घेऊन उतरलं. तिथून ते सोव्हिएत युनियनला गेलं आणि काही वर्षांत के-१३ जन्माला आलं. आपल्या मिग-२१ च्या पंखाखाली असायचं तेच. म्हणजे ओझरला ज्या विमानांची जुळणी व्हायची, त्यांचं मुख्य हत्यार मूळ अमेरिकन नकाशाचं होतं.

पण ते जमलं का, ते बघा. १२७ मिमी व्यासाची नळी, लेड सल्फाइडचा उष्णता ओळखणारा साधा डिटेक्टर (थंडही करावा लागत नव्हता), फिरणारा आरसा, मोजक्या नळ्या. मागच्या पंखांवर हवेने फिरणारी दातेरी चाकं, त्यांच्या जायरोमुळे क्षेपणास्त्र स्वतःभोवती गरगरत नाही. सगळं डोळ्यांना दिसतं, व्हर्नियरने मोजता येतं.

आता पीएल-१५ सारख्याच्या नाकातला एईएसए अँटेना घ्या. छोटे छोटे प्रक्षेपक मांडलेले. चिप उघडून सूक्ष्मदर्शकाखाली ट्रान्झिस्टरची लांबीरुंदी कळेल. पण गॅलियम नायट्राइड किंवा आर्सेनाइडचे थर कुठल्या तापमानाला, किती वेळ, कुठल्या क्रमाने वाढवले, ते चिपवर लिहिलेलं नसतं. पुरणपोळी खाऊन पुरण किती शिजवलं ते सांगा बघू.

रडारराव

टेबलराव, पोळीचं उदाहरण चोख, पण अर्धंच. नक्कल न करताही एईएसए अँटेना बरंच सांगून जातो. फूटपट्टी घ्या आणि शेजारच्या दोन घटकांमधलं अंतर मोजा. झोत सगळीकडे फिरवायचा तर हे अंतर अर्ध्या तरंगलांबीच्या आसपास ठेवावंच लागतं. १५ मिमी आलं तर तरंगलांबी ३ सेंटिमीटर, म्हणजे १० गिगाहर्ट्झच्या जवळपास. घटक मोजले की झोत किती अरुंद ते कळतं, हीट-सिंकचं वजन केलं की सरासरी शक्तीचा अंदाज येतो. हे जळलेल्या, वाकलेल्या नाकावरूनही कळतं. सगळ्या चिपा जाळल्या तरी भूमिती जळत नाही.

जॅमर (रडारला गोंधळात टाकणारं यंत्र) बनवणाऱ्याला नक्कल नकोच असते. त्याला हवी असते फक्त ही माहिती.

भोंगा

रडाररावांना +१. फेब्रुवारी १९४२ चा ब्रुनेव्हलचा छापा याच कामासाठी होता. फ्रान्सच्या किनाऱ्यावर छत्रीधारी उतरवले, सोबत एक रडार तंत्रज्ञ, आणि जर्मन वुर्झबुर्ग रडारचे भाग उखडून बोटीने परत. त्यातून कळलं की त्याची फ्रिक्वेन्सी फारशी बदलता येत नाही. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर अ‍ॅल्युमिनियम लावलेल्या कागदाच्या पट्ट्या टाकल्या, साधारण २७ सेंटिमीटर लांब, म्हणजे वुर्झबुर्गच्या तरंगलांबीच्या निम्म्या. रडारचे पडदे भरून गेले.

यातला विनोद असा की पट्ट्यांची युक्ती जर्मनांनाही ठाऊक होती. दोन्ही बाजू गप्प बसल्या होत्या, आपण वापरली तर समोरचा शिकेल म्हणून!

मायक्रो_कंट्रोलर

चिपमधल्या प्रोग्रॅमबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. आजचं गुपित तिथे आहे.

सीकरचं (लक्ष्य शोधणाऱ्या नाकाचं) बरंचसं डोकं एफपीजीएमध्ये, म्हणजे आतली रचना हवी तशी भरता येणाऱ्या चिपमध्ये असतं. एफपीजीए वीज गेली की कोरा होतो. वीज आली की शेजारच्या फ्लॅश चिपमधून स्वतःची रचना वाचून घेतो. फ्लॅश चिप कुणीही काढून वाचेल, म्हणून त्यातला मजकूर एईएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद. किल्ली एफपीजीएच्या आत. किल्ली ठेवायचे मार्ग तीन, आणि तिन्हींत गोची आहे.

पहिला: आतल्या रॅममध्ये किल्ली, तिला नाण्याएवढी बॅटरी. बॅटरी तोडली की किल्ली पुसली. छान. पण क्षेपणास्त्र पंधरा वर्षं राजस्थानच्या उन्हात आणि लेहच्या थंडीत राहणार, ती बॅटरी गळाली की क्षेपणास्त्र म्हणजे महागडा पाइप. शिवाय फार गार केलं तर रॅममधला मजकूर वीज गेल्यावरही काही काळ टिकतो.

दुसरा: चिपमधले बारीक फ्यूज जाळून किल्ली कायमची कोरायची. बॅटरी नको, पण किल्ली कायमची आत. प्रयोगशाळा, वेळ आणि पैसा असेल तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली शोधता येते.

तिसरा: किल्ली क्षेपणास्त्रात ठेवायचीच नाही. विमानातून उडायच्या आधी केबलवरून द्यायची, वीज गेली की गेली. सगळ्यात सुरक्षित. पण मग प्रत्येक विमानाला, प्रत्येक तळावर किल्ल्या पोचवा, बदला, हिशोब ठेवा. ऐन वेळी चुकीची किल्ली भरली गेली तर शत्रूला काही करावंच लागत नाही.

आणि कुलूपच कच्चं निघालं तर? २०२० मध्ये जर्मन संशोधकांनी 'स्टारब्लीड' नावाची खोट दाखवली. झायलिंक्सच्या ७-सिरीज चिपांकडूनच त्यांचा कुलूपबंद मजकूर उलगडून घेता येत होता. खोट सिलिकॉनमध्ये, म्हणजे चिप बदलल्याशिवाय इलाज नाही. बसवलेल्या हत्यारातली चिप बदलणं म्हणजे नव्याने सगळ्या चाचण्या.

गंजका_बोल्ट

मायक्रोभाऊ, यात देखभालवाल्यांचं दुखणं घाला. गुपितासाठी बोर्ड इपॉक्सीत बुडवून घट्ट करतात. फोडायला गेलं की चिपचे पाय तुटावेत हा हेतू. पण इपॉक्सी, सिरॅमिक चिप आणि बोर्ड तिन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. उणे ४० ते अधिक ७० अंश अशा शे-दोनशे फेऱ्या झाल्या की सोल्डरचे सांधे तडकतात. उष्णताही अडकते. आणि बिघाड झाला तर दुरुस्ती नाही, अख्खा डबा फेकायचा.

तपासणीचं जेटॅग पोर्ट कायमचं बंद केलं की शत्रूला दार बंद, आणि आपल्या वर्कशॉपलाही. वरच्या ब्रुनेव्हलच्या रडारचंच बघा. भाग खेचून काढता येतील असे सुटे, त्यामुळे दुरुस्ती सोपी. छापा टाकणाऱ्यांनाही तेच सोयीचं पडलं.

तिरपा_टेबल

असहमत. एकदाच उडणाऱ्या वस्तूला दुरुस्ती कशाला? क्षेपणास्त्राचं नाक बंद डबाच हवा, बिघडला की कारखान्यात परत. तुमचा मुद्दा रडार, रेडिओ, विमानाच्या पेट्यांना लागू. दोन्ही एका मापाने मोजू नका.

गंजका_बोल्ट

नाकापुरतं मान्य. बाकी ठाम.

साबुदाणा_वडा

एक बाळबोध शंका. हे सगळं सोडून साधा मोबाइलमधला जीपीएस टाकला तर? गुपितच नको.

मायक्रो_कंट्रोलर

वडाताई, शंका बाळबोध नाही. बाजारातल्या जीपीएस रिसीव्हरला निर्यात-नियमांमुळे मर्यादा घातलेली असते. १८ किलोमीटर उंची आणि सेकंदाला ५१५ मीटर वेग ओलांडला की तो माहिती देणं बंद करतो. (काही उत्पादक दोन्ही मर्यादा एकदम ओलांडल्यावर बंद करतात, काही एक ओलांडली तरी. त्यामुळे उंच फुगे सोडणाऱ्या हौशी मंडळींचीही पंचाईत होते.) पण हळू, खाली उडणाऱ्या ड्रोनला ही अट आड येतच नाही. म्हणून तर युक्रेनमधल्या ड्रोनांत बाजारातला माल खच्चून भरलेला सापडला.

भोंगा

ओर्लान-१० आठवलं. रशियाचं टेहळणी ड्रोन, उघडलं तर आत दुकानातला कॅनन कॅमेरा, त्याची फिरवायची चकती एकाच जागी चिकटवून टाकलेली, आणि इंधनाच्या टाकीला प्लास्टिक बाटलीचं बूच! ऑगस्ट २०२२ मध्ये लंडनच्या 'रुसी' (RUSI) या संरक्षण-अभ्यास संस्थेने २७ रशियन शस्त्रप्रणाली तपासल्या, तर परदेशी बनावटीचे किमान ४५० वेगवेगळे सुटे भाग निघाले. शाहेद-१३६ या इराणी ड्रोनमध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस-३२० जातीची चिप. मोटर आणि इन्व्हर्टर चालवायला कुठल्याही कारखान्यात असते ती.

अनघा_मापुस्कर

आणि इथे गुपिताची जात बदलते. सर्किटमध्ये लपवण्यासारखं काही नसतं, लपवायचं असतं ते माल कुठून आणला हे. म्हणून चिपांवरची अक्षरं लेझरने किंवा घासून पुसतात. तरी काही चिपा राहून जातात, आणि एक राहिली तरी पुरे. तिच्यावर चार आकडी तारीख-संकेत असतो: पहिले दोन आकडे वर्ष, पुढचे दोन आठवडा. २१३६ म्हणजे २०२१ चा ३६ वा आठवडा. बोर्डावरची सगळ्यात नवी तारीख पकडली की ड्रोन त्याआधी बनलेलं नाही एवढं पक्कं. दहा ड्रोनांच्या तारखा लावून बघितल्या की कारखान्याकडे साठा किती शिळा आहे, निर्बंधांनंतरही माल येतोय का, सगळं दिसतं. पिशवीवरची पॅकिंग-तारीख बघून दुकानदाराचा खप ओळखावा तसं.

आपल्याकडे हाच प्रश्न उलट्या दिशेने आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लष्कराच्या ४०० ड्रोनांचे करार रद्द झाल्याची बातमी होती, कारण आत चिनी भाग. तिथे भीती नकलेची नाही, दुसऱ्याच्या फ्लाइट कंट्रोलरमध्ये दुसऱ्याने काय लिहून ठेवलंय याची.

काडेपेटी

तुम्ही सगळे चिपा घासत बसा. तिकडे रणगाड्यांच्या एका ऑनलाइन खेळात 'आमचा रणगाडा खेळात चुकीचा दाखवलाय' या रागातून लोकांनी खऱ्या चॅलेंजर-२ च्या माहितीपुस्तिकेची पानं टाकली होती. २०२१ ची गोष्ट. वाद जिंकण्यापुढे गुपित म्हणजे काय!

खडकी_बाजार

काडेपेटी म्हणाले ते अवांतर वाटलं तरी नाही. पुस्तिकाच सगळ्यात मोठी गळती.

१ एप्रिल २००१ ला अमेरिकेचं ईपी-३ हेरविमान चिनी लढाऊ विमानाशी टक्कर होऊन हैनानवर उतरलं. २४ माणसं, हातात तासाहून कमी वेळ, आणि विमानभर उपकरणं, कागद, डिस्का. कुऱ्हाड चालवली, डिस्कांवर गरम कॉफी ओतली. तरी सगळं नष्ट झालं नाही, कारण काय आधी फोडायचं याचा पुरेसा सरावच नव्हता. लॅपटॉपचा पडदा फुटतो, चकती शाबूत राहते.

त्याआधीचं अमेरिकेचं प्वेब्लो हे हेरजहाज, २३ जानेवारी १९६८. उत्तर कोरियाने पकडलं आणि आतली संकेतयंत्रं मिळाली. यंत्रं गेली तरी रोजच्या किल्ल्या बदलल्या की संदेश सुरक्षित, असा हिशोब होता आणि तो बरोबरही होता. फक्त तेव्हा अमेरिकेच्या नौदलातला जॉन वॉकर त्याच किल्ल्या सोव्हिएतांना विकत होता, आणि हे कळलं १९८५ मध्ये!

रडारराव

मिग-२५ राहिलं. ६ सप्टेंबर १९७६, सोव्हिएत वैमानिक बेलेंको हे विमान घेऊन पळाला आणि जपानात हाकोदातेला उतरला. रडारमध्ये नळ्या बघून पाश्चात्त्य पत्रकार हसले. हसण्यासारखं नव्हतं. सुमारे ६०० किलोवॉटचे स्पंद त्या काळी ट्रान्झिस्टरने देता येत नव्हते, आणि तेवढ्या ताकदीपुढे जॅमर फिके पडत.

सोव्हिएतांनी काय केलं? रडार जाळायची टिकली बसवली नाही. नवं रडार असलेलं मिग-२५पीडी आणलं, जुनी विमानं त्याप्रमाणे बदलली, शत्रू-मित्र ओळखणारी यंत्रणा बदलली. गुपित गेलं असं धरून पुढचं आवर्तन काढलं.

म्हणूनच रडारांत युद्धासाठी राखून ठेवलेले मोड असतात. सरावात, गस्तीत, सीमेवर रोज एक भाषा बोलायची, कारण समोरचा रोज ध्वनिमुद्रण करतोय. दुसरी भाषा आत कुलूपबंद, पहिल्या खऱ्या रात्रीसाठी. ती हार्डवेअरमध्ये शोधून सापडत नाही, आणि वापरली की दुसऱ्या दिवशी जुनी होते.

उलटा_डायोड

बरं, आळस हा शब्द मागे घेतो.

आता प्रश्न नव्याने मांडतो. डिसेंबर २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने भारत इलेक्ट्रॉनिक्सशी तोफगोळ्यांच्या इलेक्ट्रॉनिक फ्यूजचा करार केला. १० वर्षं, ५,३३६.२५ कोटी, उत्पादन पुण्यात आणि होऊ घातलेल्या नागपूरच्या कारखान्यात. तोफगोळा तर शत्रूच्याच अंगणात पडणार, काही न फुटता पडणार. समुद्राची पळवाट नाही. मग यात लपवायचं काय?

रडारराव

सर्किट लपवायचं नाही, कारण लपणार नाही. तत्त्व ऐंशी वर्षं जुनं आहे.

लपवायची ती त्याची बोली. फ्यूजला फसवणारे जॅमर आहेत. १९९१ च्या आखाती युद्धासाठी अमेरिकेने 'शॉर्टस्टॉप' काढला, रशियाकडे 'र्तुत' आहे. फ्यूजची लाट ऐकायची, परतीचा खोटा सूर पाठवायचा, गोळा वरच फुटतो. त्यावर इलाज असा की डागण्याआधी सेटरने फ्यूजमध्ये वेळ भरायची आणि फ्यूजने जवळजवळ सगळा प्रवास गप्प करायचा. शेवटच्या काही सेकंदांतच ट्रान्समीटर चालू. जॅमरला ऐकून, ओळखून, उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. त्यात प्रत्येक खेपेला फ्रिक्वेन्सी थोडी वेगळी ठेवली तर एका न फुटलेल्या गोळ्यावरून पुढच्याची कळत नाही.

गंजका_बोल्ट

आणि ते शेवटचे काही सेकंद बॅटरी वेळेवर उठली पाहिजे. गोळा उणे तापमानात रात्रभर पडला असेल तर द्रव पसरायला उशीर लागतो. गुपित नंतर, आधी ते तपासा.

काडेपेटी

सगळी मीटिंग गप्प बसायचं आणि 'आभार' म्हणायच्या आत तोंड उघडायचं. हा फ्यूज प्रत्येक सोसायटीत आहे.